गोचिडांचं वाङ्मय आणि आमच्या विहीणबाई

साऱ्या नाशिक जिल्ह्यात दुसऱ्याला धक्के द्यायला म्हणून एकच बाई जन्माला आलेली आहे आणि ती नेमकी माझी विहीण आहे. मी काही हलक्या काळजाची नाही. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मी उभं आयुष्य काढलं आहे. ऐन तोडणीत आलेली गारपीट, भरल्या कोल्ड स्टोरेजची गेलेली वीज, माल अर्धा भरलेला असताना टेम्पो सोडून पळालेला ड्रायव्हर, हे सगळं मी हातातला चहा न सांडता पाहिलेलं आहे. पण थोरल्या मुलाच्या लग्नाची बोलणी सुरू झाली त्या दिवसापासून या बाईंनी मला जे धक्के दिले आहेत, त्यांची सवय मला आजतागायत झालेली नाही. विहीण म्हटली की ती मानपानावर अडणार, साडीचा पोत बोटांत धरून बघणार, पंगतीत नाक मुरडणार, अशी माझी समजूत होती आणि त्या तयारीनेच मी गेले होते. गोचिडांची तयारी मी केलेली नव्हती.

मुलगी बघायला आम्ही त्यांच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये गेलो, तेव्हा दार आमच्या व्याह्यांनी उघडलं. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत शांत, आणि ते तसे का आहेत हे मला पुढच्या पाच मिनिटांत कळलं. सोफ्यावर बसायला जागा नव्हती, कारण तिथे आधीच कागद बसलेले होते. जुने बांधीव अंक, झेरॉक्सचे गठ्ठे, प्रत्येकातून डोकावणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या. व्याह्यांनी सोफ्यावरचे कागद उचलून डायनिंग टेबलवर ठेवले, टेबलवरचे फ्रिजवर ठेवले, फ्रिजवरचे हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले आणि मग आत गेले. कांदेपोहेही त्यांनीच आणले. मुलगी आली, नमस्कार झाला, सगळं रीतीप्रमाणे चाललेलं असताना विहीणबाई बाहेर आल्या. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं की तुमच्याकडे गुरं आहेत का. मला वाटलं, बाई घराणं जोखताहेत. मी पुढे होऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं की गावरान गाई आहेत, एक जर्सी आहे, म्हैस आहे, बैलजोडी अजून मोडलेली नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "त्यांच्यावर गोचीड आहेत?"

माझ्या घशात पोहा अडकला. लग्नाच्या बैठकीत समोरच्याच्या गुरांचे गोचीड काढणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. पण आमचे हे सरळ स्वभावाचे. "आहेत थोडे," असं ते ओशाळून म्हणाले. विहीणबाईंचा चेहरा एकदम उजळला. मुलाला परदेशात नोकरी आहे म्हटल्यावरसुद्धा मुलीकडच्यांचे चेहरे इतके उजळत नाहीत. "थोडे म्हणजे कोणते?" त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर बसल्या.

मग त्यांनी मोर्चा माझ्या मुलाकडे वळवला. तो सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पगार किती, फ्लॅट कुठे, असले प्रश्न बाईंच्या गावी नव्हते. शोधताना कुणी अर्धाच शब्द टाकला तर पूर्ण नोंद सापडेल अशी सोय करता येते का, हा त्यांचा पहिला प्रश्न. तो म्हणाला, येते. शोधणाऱ्याने मराठीत विचारलं आणि नोंद इंग्रजीत असली तर? तो म्हणाला, तेही जमेल. आणि एकाच माणसाची दोन नावं असली तर ती दोन्ही एकाच ठिकाणी आणून जोडता येतात का? यावर मात्र मुलगा म्हणाला की ते अवघड आहे, कारण दोन्ही नावांचं माणूस एकच आहे हे आधी कुणाला तरी माहीत असावं लागतं. विहीणबाईंनी मान वळवून नवऱ्याला सांगितलं, "पसंत." आम्ही मुलगी बघायला गेलो होतो, पण मुलाखत मुलाची झाली आणि नेमणूकही जागच्या जागी झाली, असं माझं आजही ठाम मत आहे.

या बाईंनी उभी हयात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, गुडघे बदलून घेतात, सुनेला धारेवर धरतात. यांनी ठरवलं की आपल्या देशातल्या गोचिडांवर आजवर ज्या कुणी जे काही लिहिलं असेल, मग तो प्रबंध असो, जनावरांच्या दवाखान्याचा अहवाल असो की पशुपालकांना वाटलेलं चार पानी पत्रक असो, त्या सगळ्याची नोंद एका वेबसाइटवर करायची. लेखाचं नाव काय, लिहिलं कुणी, छापलं कुठे, गोचीड कोणत्या जनावरावर मिळाला, कोणत्या गावात मिळाला, सगळं. आणि ते असं करायचं की कुणालाही एका चौकटीत एक शब्द टाकून ते फुकट शोधता यावं. हे ऐकून मी चाट पडले. गोचिडांवर इतकं कुणी लिहिलं असेल असंच मला वाटत नव्हतं आणि लिहिलं असलं तरी ते शोधायला कोण बसलंय, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. त्या रागावल्या नाहीत. कुठल्या तरी कोपऱ्यात एखादा जनावरांचा डॉक्टर आजारी गाईपाशी बसलेला असतो, त्या म्हणाल्या, आणि असं पूर्वी कुणी पाहिलंय का, हा प्रश्न त्याला पडलेला असतो. कुणीतरी पाहिलेलं असतं, लिहिलेलंही असतं, पण ते कपाटात पडून असतं. मग हा बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

त्या दिवशी त्यांनी ती वेबसाइट मला दाखवली. पांढरं पान आणि मधोमध एक चौकट. मी 'म्हैस' टाकलं तर म्हशींवरच्या गोचिडांची ही लांबलचक यादी आली. मग मी कौतुकाने आमच्या गावाचं नाव टाकलं. 'पिंपळगाव: एकही नोंद सापडली नाही.' विहीणबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू माझ्या सासरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हयगय केली होती. तुमच्या गावाबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. द्राक्षं सातासमुद्रापार पाठवणाऱ्या माझ्या गावाचा इतका अपमान तोवर कुणी केला नव्हता.

माणूस एखाद्याला गोचिडासारखा चिकटतो असं आपण म्हणतो, ते या बाईंना पाहिल्यावर मला खरं पटलं. कुठल्याशा लेखाचं शेवटचं पान मिळत नाही म्हणून त्यांनी एका ग्रंथपालाला इतके फोन केले की त्याने शेवटी ते पान शोधलं, स्कॅन केलं आणि त्यांचा नंबर ब्लॉक केला. साखरपुडा झाल्यावर दोन्ही घरची माणसं मिळून त्र्यंबकेश्वरला दर्शनाला गेलो होतो. दर्शन झालं आणि बाई गायब. रांगेत नाहीत, कुशावर्तावर नाहीत. आमच्या व्याह्यांना काळजी वाटत नव्हती, ते निवांत केळं खात होते. शेवटी विहीणबाई सापडल्या त्या एका चणेफुटाण्यांच्या दुकानासमोर. आधी घेतलेल्या फुटाण्यांची पुडी सोडली तर तिचा कागद पशुवैद्यकाच्या जुन्या अहवालाचा निघाला होता. दुकानदार सुटे कागद विकायला तयार नव्हता, पुडी हवी तर फुटाण्यांसकट घ्या म्हणत होता. बाईंनी अख्खा अहवाल फुटाण्यांसकट घेतला. परतीच्या वाटेवर गाडीतला एकेक माणूस ओंजळी भरभरून फुटाणे खात होता आणि विहीणबाई रिकाम्या पुड्या मांडीवर ठेवून पानं क्रमाने लावत होत्या. मधलं एक पान तेलकट होऊन वाचता येत नव्हतं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घरी येऊन माझ्या जाऊबाईंना सांगितलं की माणसं चांगली आहेत, पण बाई ठार वेडी आहे.

या माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचं सासरचं नाव सुमन, पण घरात सगळे त्यांना माई म्हणतात. माहेरच्या सटाण्याकडच्या पाटलांच्या. घर एकत्र असल्यामुळे मी लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही दोघी एकाच चुलीवर आहोत. बोलायला कमी, वागायला तिरसट, आणि घरातल्या माणसांत असण्यापेक्षा गोठ्यात जास्त. मी सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि "पुड्या सोडून वाचल्या?" एवढंच विचारून त्या धारा काढायला निघून गेल्या.

खरा धक्का मला लग्नाच्या दिवशी बसला. आमच्याकडे सुनेचं नाव बदलायची रीत आहे. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्या मुलाने सोन्याच्या अंगठीने त्यावर नवं नाव लिहायचं, मग पेढे वाटायचे. मुलीचं नाव मुक्ता. मी 'राजलक्ष्मी' ठरवलं होतं आणि गुरुजींनाही पसंत होतं. माई ताट धरून बसल्या होत्या, मुलाने अंगठी तांदळावर टेकवली, तेवढ्यात विहीणबाई माणसांतून वाट काढत आल्या आणि त्यांनी जावयाचा हात धरला. सगळं कार्यालय माना उंचावून बघायला लागलं. बँडवाल्यानेसुद्धा तुतारी खाली घेतली. वरमाय मी, रुसायचा हक्क माझा, आणि अडून बसल्या त्या.

"ताई, तुम्ही म्हणाल तो मान करते," त्या मला म्हणाल्या, "पण हिचं नाव बदलू नका. माझ्याकडे अशा बायका फार हरवल्यात."

आणि तिथेच, त्या तांदळाच्या ताटासमोर उभं राहून, भरजरी शालू नेसलेल्या या बाईंनी मला त्यांच्या यादीतल्या बायकांची हकिगत सांगितली. एकेक मुलगी हुशार असते, 'कु.' लावून एखादा सुंदर लेख लिहिते आणि पुढे नाहीशी होते. ती लिहायची थांबली, की लग्न होऊन दुसऱ्याच नावाने लिहीत राहिली, कळायला मार्ग नसतो. आडनाव बदलतं, बापाच्या जागी नवरा येतो, आणि आमच्यासारख्यांकडे तर स्वतःचं नावही जातं. मग शोधायचं कुणाला? सगळ्यांत जास्त जीव त्यांचा जडला होता तो कुणा कुमारी एस. डी. निकमवर. कॉलेजच्या जुन्या अंकात तिचं नाव शकुंतला असं सापडलं होतं. या मुलीने फार वर्षांपूर्वी पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरी गुरांवरच्या गोचिडांवर लेख लिहिला होता आणि त्यातली चित्रं इतकी बारीक होती की तशी पुन्हा कुणी काढलीच नाहीत. लेखाच्या नावापुढे 'भाग पहिला' असं होतं आणि शेवटच्या ओळीत उरलेल्या जाती भाग दुसऱ्यात देऊ असं वचन होतं. तो भाग दुसरा विहीणबाईंना हवा होता. तो छापला गेला असणारच, फक्त तिच्या सासरच्या नावाने कुठेतरी पडला असणार, अशी त्यांची खात्री होती. तो मिळाल्याशिवाय मी मरणार नाही, असं त्या माझ्या मुलाच्या लग्नात, अक्षतांवर उभ्या राहून म्हणाल्या.

मी मदतीसाठी गुरुजींकडे पाहिलं. तेवढ्यात आयुष्यात कशातही मध्ये न पडणाऱ्या माई ताटावरची नजर न उचलता म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मुक्ताच. चांगलं हाय नाव." थोरली जाऊ बोलल्यावर माझं काय चालणार? मुलाने तांदळावर 'मुक्ता' लिहिलं. विहीणबाईंनी माईंचा हात हातात घेतला आणि भर मांडवात विचारलं की तुमचं माहेर कुठलं. माई म्हणाल्या, सटाण्याकडचे पाटील. "पाटील होय," असं म्हणून त्यांनी निराशेने हात सोडला, कारण पाटलांचा सुळसुळाट त्यांच्या यादीत आधीच फार होता.

त्यानंतर भाग दुसऱ्याचं हे प्रकरण आमच्याही घराचं झालं. निकम आडनावाची घरं त्या भागात फार, म्हणून विहीणबाई सटाण्याला एसटीने जाऊन आल्या. तिथल्या निकमांच्या घरोघरी फिरून शकुंतला कुणाची म्हणून विचारत सुटल्या. लोकांनी माना हलवल्या, चहा पाजला, एका घरात तर त्यांना लग्नाचं स्थळ घेऊन आलेल्या समजून मुलाची पत्रिका हातात ठेवली. आमच्याकडे आल्या की पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडणाऱ्या बायकांनाही त्या माहेरचं नाव विचारत. बायका बिथरायच्या. एकीने मला बाजूला घेऊन विचारलं की बाई सरकारकडनं आल्यात का. घरात एवढा गोंधळ चाले, पण विहीणबाईंची स्कूटर फाटकात दिसली की माई गोठ्यात शिरत आणि त्या जाईपर्यंत बाहेर येत नसत. त्यांना ही बाई अजिबात खपत नाही असं मी धरून चालले होते आणि मला ते समजण्यासारखं होतं.

मग यंदाच्या संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. आमच्या अंगणात दरवर्षी सगळ्या गल्लीच्या बायका जमतात. मी विहीणबाईंना बोलावलं, ती माझीच हौस. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं आणि रीतीप्रमाणे उखाण्यांचा आग्रह सुरू झाला. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की नवऱ्यांची नावं फार घेऊन झाली, ती सगळ्यांना पाठ आहेत. आज प्रत्येकीने स्वतःचं माहेरचं नाव उखाण्यात घ्यायचं. आमच्यात सासूच्या देखत नवऱ्याचं नाव घेतानासुद्धा बायका पदर तोंडावर घेतात आणि ही बाई भलतंच काढून बसली होती. आता बायका उठून चालू लागणार, असं मला वाटत असतानाच द्राक्षांच्या गॅंगची मुकादम असलेली आमची छबूबाई पुढे आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पिंपळगावच्या बाजारात कांद्याची रास, मी छबू बोरस्ते, सहावी पास!"

हसण्याचा असा काही खळखळाट झाला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मग चढाओढच लागली. पलीकडच्या घरच्या आजींना आधी नावच आठवेना. सासरी जनाबाई झाल्या त्याला किती तरी वर्षं होऊन गेली होती. त्या डोळे मिटून बसल्या आणि मग "यमू," असं म्हणून त्या पदरात तोंड लपवून लहान पोरीसारख्या हसत सुटल्या. खरं सांगते, माझा राग तिथेच पळाला. मीही उखाणा घेतला, तो इथे सांगत नाही. विहीणबाई प्रत्येक नाव कान देऊन ऐकत होत्या. निकम काही आलं नाही.

माई कोपऱ्यात अत्तरदाणी धरून उभ्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "माई राहिल्या, माईंचं लय दिवसात ऐकलं नाय." त्यांनी नको म्हणून हात हलवला. पण बायका सोडेनात. शेवटी माईंनी अत्तरदाणी खाली ठेवली.

"मला उखाणा येत नाय. नाव सांगते," त्या म्हणाल्या. "शकुंतला दशरथ निकम."

बायका अजून हसतच होत्या. त्यांना त्यात काही वाटलं नाही. माझ्या मात्र पायाखालचं अंगण सरकलं. मी विहीणबाईंकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांना धक्के देणाऱ्या या बाई तोंड उघडं टाकून उभ्या होत्या, आणि हातातला तिळगूळ एकेक दाणा करून खाली गळत होता.

बायका पांगल्यावर ओटीवर आम्ही तिघीच उरलो आणि मी माईंना सरळ फैलावरच घेतलं. पाटील ना तुम्ही? तर म्हणाल्या, गावात पाटीलकी होती म्हणून सगळे पाटीलच म्हणत. शाळेच्या दाखल्यावर निकम. कॉलेज कधी केलं? तर म्हणाल्या, एम.एस्सी. झाले होते. मला तर आमच्या सासूबाईंनी मॅट्रिक सांगितलं होतं. माई म्हणाल्या, "ह्यांचं मॅट्रिक होतं. बैठकीत दोन्हीकडच्या मोठ्यांनी ठरवलं, मुलगी जास्ती शिकलेली दिसायला नको. मग मलाबी मॅट्रिकच केलं." हे त्यांनी गाईला वैरण टाकल्याच्या स्वरात सांगितलं. इतकी वर्षं एका घरात काढून मला एका शब्दाने का बोलला नाहीत, असं मी विचारलं तेव्हा माझा आवाज चढला होता, कारण मला खरंच फार लागलं होतं. माईंनी माझ्याकडे जरा मायेनेच पाहिलं. "सांगितलं असतं तर सगळ्या गल्लीची कुत्री गोचीड काढायला माझ्याकडं आणून बांधली असती तुम्ही," त्या म्हणाल्या. आणि ते खरं होतं, मी बांधलीच असती.

मग विहीणबाईंनी विचारलं, आणि इतक्या हळू आवाजात विचारलं की तो त्यांचा आवाज वाटेना. "भाग दुसरा कुठे छापला होता?"

"लिहिलाच नाय," माई म्हणाल्या. "गोचीड बाटल्यांत भरून ठेवले होते. तेवढ्यात लग्न ठरलं. तुम्ही मांडवात एवढ्या आशेनं बोलत होता, म्हणून माझी जीभ उचलेना. म्हटलं, शोधतायत तर शोधू द्या."

मला वाटलं, आता बाई रडणार. त्या रडल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, ती पांढरी चौकट उघडली आणि फोन माईंच्या हातात दिला. माईंनी एका बोटाने एकेक अक्षर शोधत स्वतःचं नाव टाकलं. मध्ये चुकल्या, पुसलं, पुन्हा टाकलं. 'एक नोंद सापडली.' माईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. त्या माहेरची अहिराणी घरात कधी बोलत नसत. त्या दिवशी मी ती त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली.

"एकच शे?" त्यांनी विचारलं.

माई चित्रं मोठी करून बघत राहिल्या. एका चित्रापाशी थांबून म्हणाल्या की याचा मागचा डावा पाय चुकलाय, छापून आल्यावर लगेच कळलं होतं, दुरुस्ती दुसऱ्या भागात देणार होते. विहीणबाई म्हणाल्या की मी हे चित्र इतक्या वेळा पाहिलं, मला कधी दिसलं नाही. मग दोघी डोक्याला डोकं लावून त्या पायाकडे बघत बसल्या आणि मी उठून तिघींसाठी चहा टाकला.

हल्ली विहीणबाई महिन्यातून एकदोनदा लेकीला भेटायचं निमित्त करून येतात आणि लेकीला न भेटता थेट गोठ्यात जातात. त्यांनी स्वतःचा जुना सूक्ष्मदर्शक आणून माईंच्या खोलीत ठेवला आहे. गुरं आता पूर्वीइतकी राहिलेली नाहीत. बैल गेले, जर्सी आणि म्हैस विकली, दोन गावरान गाई उरल्यात, त्यांच्यावरचे गोचीड बघून माई भाग दुसऱ्याची चित्रं काढतात. माईंचे डोळे थकलेत आणि हात कापतो. रेघ वाकडी गेली की त्या कागद फाडतात आणि विहीणबाई फाडलेला कागद गुपचूप उचलून पिशवीत टाकतात. वेबसाइटवर माईंच्या लेखाच्या नोंदीखाली 'भाग दुसरा: शोध चालू आहे' अशी ओळ होती, ती अजून तशीच आहे. खोटं कशाला ठेवायचं म्हणून मी मुलाला ती काढायला सांगितली, तर त्याच्या सासूबाईंनी हात लावू नको म्हणून बजावलंय, असं तो म्हणाला. मग मी त्यांनाच विचारलं. "लेखिका हयात आहेत, ताई," त्या म्हणाल्या. "मी नाही असं कसं लिहू?"

दुपारी पॅकहाउसमध्ये जरा उसंत मिळाली की मी मोबाइल काढते आणि त्या चौकटीत आमच्या गावाचं नाव टाकून बघते. अजून काही येत नाही. माईंचा हात कापतो, वेळ लागणारच.